डाव्या बाजूची झीज

कोल्हापुरात मला माझ्या खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं आता फार उरली नाहीत. बँकेतला कॅशियर मारतो, कारण त्याच्यापुढं पासबुक असतं. बाकी सगळं गाव मला 'किंमतराव' म्हणतं. हे नाव मला उद्यमनगरातल्या एका गॅरेजवाल्यानं चिडून दिलं. मी त्याच्या जीपची किंमत त्याच्या मनातल्या आकड्याच्या निम्म्यानं सांगितली होती. नाव मात्र मला असं शोभलं की मी ते पुढं पदवीसारखं मिरवत आलो.

माझा धंदा जुन्या गाड्यांची किंमत ठरवायचा. मी गाडी विकत नाही, विकत घेत नाही, दुरुस्तही करत नाही. फक्त सांगतो. बँकेनं ओढून आणलेली गाडी असो, भावाभावांच्या वाटणीतली असो, नाहीतर नवराबायकोच्या काडीमोडातली असो, मी जातो, बघतो आणि आजच्या बाजारात हिचे इतके येतील असं लिहून देतो. ज्योतिषी माणसाचं भविष्य सांगतो, मी गाडीचा भूतकाळ सांगतो. त्यामुळं लोक ज्योतिषावर खूश असतात आणि माझ्यावर नसतात.

तरी विचारल्याशिवाय कुणी राहत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारचा अनोळखी माणूस जिलबी मोडता मोडता म्हणतो, "पावणं, आमची गाडी भाईर लावलीया, जाता जाता बघा की, किती येत्याल?" सलूनमध्ये एकानं माझ्या गळ्यावर वस्तरा ठेवून स्वतःच्या मोपेडची किंमत विचारली होती. अशा वेळी माणूस बाजारभाव बघत नाही. मी दुप्पट सांगितली आणि दाढी करून सुखरूप घरी आलो.

'किती येतील?' हा प्रश्न मी दिवसभर ऐकतो. संध्याकाळी कुलूप काढून घरात शिरलो की मजेनं मनात म्हणतो, सगळं गाव आपल्याला 'किती येतील' विचारतं, 'कधी येणार' विचारणारं मात्र कुणी नाही. मग कुकर लावतो.

लग्न जमलं नाही याला माझा धंदाच जबाबदार आहे. तरुणपणी एका ठिकाणी मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, सुपारी झाली, मुलगी माझ्याकडं बघून हसलीही होती. निघताना दारात तिच्या वडिलांची गाडी दिसली. माझी सवय जाते कुठं? मी वाकलो, खालून बघितलं, दारांच्या फटी बघितल्या आणि अगदी आपुलकीनं म्हणालो, "मामा, फसवलं तुमास्नी. ही गाडी उलटलेली हाय." ती गाडी मामांना त्यांच्या सख्ख्या मेहुण्यानं विकली होती, आणि तो मेहुणा माझ्याच शेजारी बसून पोहे खाऊन उठला होता. पुढं त्या घरात काय महाभारत झालं ते मला कळलं नाही. मला फक्त नकार कळला. आकडा मात्र माझा बरोबर होता.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गाडीची किंमत म्हणजे मॉडेल आणि साल. तसं असतं तर मला कुणी चहासुद्धा पाजला नसता. मी गाडीजवळ गेलो की आधी बॉनेटवर हात ठेवतो. गरम लागलं तर समजायचं की मालकानं मी यायच्या आधी इंजिन चालू करून ठेवलंय, म्हणजे थंड इंजिनाचा पहिला धूर त्याला मला दाखवायचा नाही. मग बोटाच्या पेरानं पत्रा वाजवतो. नुसता पत्रा टणकन बोलतो. आत लांबी भरलेली असली, म्हणजे खड्डा बुजवायचं लुकण, तर तो जेवून झोपलेल्या माणसासारखा बद्द आवाज करतो. काचांच्या कोपऱ्यात बारीक खूण असते, त्यात कुठल्या वर्षी काच केली ते असतं. पाच काचा एका वर्षाच्या आणि सहावी वेगळ्या वर्षाची असली की त्या सहावीला काय झालं ते विचारायचं.

हे सगळं मी मुकाट्यानं करत नाही. कबूल करतो, मी त्याचं नाटक करतो. पहिली फेरी एक शब्द न बोलता मारतो. दुसऱ्या फेरीला एका जागी थांबतो आणि फक्त "हं" म्हणतो. त्या 'हं'ला काडीचा अर्थ नसतो, पण मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. काहीजण त्या 'हं'वरच सगळं ओकतात.

महापुरानंतरच्या दिवसांत तर माझी नाटकं हाऊसफुल्ल होती. पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन, वाळवून, अत्तर मारून बाजारात येत होत्या. एका एजंटानं मला अशीच एक गाडी दाखवली. आत चमेलीच्या बागेत बसल्यासारखं वाटत होतं. म्हणाला, "किंमतराव, आईशपथ, पाण्याचा थेंब लागलेला न्हाय." मी सीटबेल्ट धरला आणि हळूहळू, अगदी शेवटपर्यंत ओढला. धुणारा माणूस बेल्ट दिसतो तेवढाच धुतो. आत गुंडाळलेला भाग कुणी धूत नाही. शेवटच्या वितीवर गाळाची रेघ होती आणि बेल्टाबरोबर एक चिमुकला शंख टपकन सीटवर पडला.

"आयला," एजंट म्हणाला, "ह्यो कुठनं आला?"

"पंचगंगेतनं," मी म्हणालो. "बेल्ट लावून बसलाय, लई शिस्तीचा हाय."

आता मूळ गोष्ट. ती एका जपानी गाडीची आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. जाणकार ओळखतील आणि बाकीच्यांचं काही अडत नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याकडं ही गाडी आली, तेव्हा दिसायला ती अगदी सरळमार्गी होती, हिशेब तपासायला आलेल्या साहेबासारखी. बाजारात, शाळेला, लग्नाला न्यावी. हळू चालवली तर आवाजही साधा. पण काटा वर वर नेत राहिलं की एका ठिकाणी इंजिनाच्या आतली मांडणी बदलते, श्वास मोठा होतो आणि गाडी एकदम दुसऱ्याच आवाजात बोलायला लागते. तो आवाज ज्यानं ऐकला तो बिघडला. त्या पिढीतली कितीतरी शहाणी पोरं ह्या गाडीनं बिघडवली.

अशा गाडीची किंमत काढणं हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. बँकेच्या तक्त्यात बघाल तर एवढ्या जुन्या गाडीला भंगाराचा भाव. पण पुणे, बेळगाव, बेंगळूर अशा ठिकाणी या गाडीसाठी झुरणारे शौकीन आहेत. ते तक्त्याच्या कितीतरी पट देतात, फक्त त्यांची एक अट असते. गाडी कंपनीतून निघाली तशी पाहिजे. आणि तशी सापडत नाही, कारण आपल्याकडं अशा गाडीला कुणी सुखानं राहू दिलंच नाही. रुंद चाकं घातली, फुंकणीएवढा सायलेन्सर लावला, मागं शेपटी बसवली. म्हणजे या गाडीत काय काय केलंय याला किंमत नाही, काय काय केलं नाही याला आहे. आणि शेवटी लाख लोकांच्या बाजाराचाही उपयोग नसतो. कुठंतरी एक माणूस लागतो, ज्याला नेमकी हीच पाहिजे. तो सापडला तर किंमत, नाहीतर वजन.

कुरुंदवाडहून फोन आला तो कांबळे सरांचा. निवृत्त चित्रकलाशिक्षक. बोलणं रेघ मारल्यासारखं सरळ.

"किंमतराव बोलताय का? एक जुनी गाडी आहे. जपानी. पासिंगची मुदत संपत आलीय. मला चालवता येत नाही. भंगारवाला दोनदा येऊन गेला, तो वजनावर मागतोय. मला तिची किंमत वजनावर करायची नाही. तुम्ही येऊन बघाल का?"

मी म्हणालो, "सर, तुमाला चालवता येत न्हाय, मग गाडी कुणाची?"

"मंडळींची," ते म्हणाले. "त्या गेल्या. येताना जेवून येऊ नका."

सकाळी पोहोचलो. अंगणात पत्र्याच्या शेडखाली गाडी होती. वर जुन्या चादरी शिवून केलेलं झाकण. सरांनी ते स्वतः दोन्ही हातांनी गुंडाळत काढलं, झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसं. खाली पांढरी गाडी. मी बॉनेटवर हात ठेवला, गार. पत्रा वाजवला, सगळीकडं टणटणीत. काचा सहाच्या सहा एका वर्षाच्या. चाकं मूळची, सायलेन्सर मूळचा, रेडिओसुद्धा मूळचा. कुरुंदवाडच्या गाडीचा बेल्ट मी जरा धसक्यानंच ओढला. स्वच्छ निघाला.

"पुराचं पाणी रस्त्यावर दिसायच्या आधी मंडळी गाडी काढायची," सर म्हणाले. "मला म्हणायची, तुम्ही बसताय का मी जाऊ?"

माझी पहिली फेरी झाली. खरं सांगतो, मला घाम आला होता. एवढी न बिघडवलेली गाडी मी कधी बघितली नव्हती. मग मी डाव्या बाजूचं दार उघडलं आणि थांबलो. या वेळी जो 'हं' तोंडातून निघाला तो नाटकाचा नव्हता.

गाडीत झीज कुठं होते ते ठरलेलं असतं. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग आधी जातं, ड्रायव्हरची सीट आधी खचते. इथं सगळं उलटं होतं. ड्रायव्हरची बाजू नव्यासारखी. डावी बाजू मात्र लढाईवरून आलेली. दारावरचं धरायचं हँडल घासून गुळगुळीत झालं होतं. डावा बेल्ट छातीजवळ, हातानं धरतात तिथं, विरला होता. आणि खाली मॅटिंगला, उजव्या पायाचा चवडा येतो नेमक्या तिथं, रुपयाएवढं भोक. त्याच्याभोवती झिजलेलं वर्तुळ. खालचा पत्रा दिसत होता.

मी उजवीकडं गेलो, परत डावीकडं आलो. क्षणभर वाटलं, ही गाडी आधी परदेशात डावीकडून चालवायचे की काय.

"सर, हितं कोण बसायचं?"

"मी."

"आणि करायचा काय?"

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला.

"ब्रेक मारायचो," ते म्हणाले.

मग जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. पिठलं त्यांनी स्वतः केलं होतं आणि मीठ बेतानं पडलं होतं, पण त्या घरात बोलायला माणूस आल्याचा आनंद भाकरीभाकरीतून दिसत होता. त्यांच्या मंडळी, शैला मॅडम, त्यांच्याच शाळेत गणित शिकवायच्या. एकाचा विषय पोरांना भीती वाटणारा, दुसऱ्याचा पोरांना फुकटचा वाटणारा. "शाळेत तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत जायचा नाही," सर म्हणाले. "पोरं ओरडायची, मॅडम मोठ्यानं. ती हसायची आणि फळ्यावर अक्षर मोठं काढायची."

वेतन आयोगाची थकबाकी हातात आली तेव्हा इतर शिक्षकांनी प्लॉट घेतले, सोनं घेतलं. मॅडमनी बिद्रीकडच्या एका ऊस वाहतूकदाराच्या मुलाची गाडी घेतली. त्या मुलाचं लग्न ठरलं आणि बापानं भीतीनं गाडी विकायला काढली होती. सरांना वाटलं, चला, बायको आता सावकाश बाजारला नेईल. पहिल्याच रविवारी शिरोळच्या रस्त्याला मॅडमनी चपला काढून मागं टाकल्या, अनवाणी पायानं गाडी ओढली आणि इंजिनानं दुसरा आवाज काढला.

"म्हणून तिच्या बाजूचं मॅटिंग चांगलं आहे," सर म्हणाले. "पायात कधी काही नसायचं."

"आणि तुमी?"

"मी बूट घालून बसायचो. काही झालं तर पायाला लागू नये म्हणून." ते स्वतःच हसले. "जन्मभर मी त्या जागी ब्रेक दाबला, किंमतराव. गाडी एकदाही थांबली नाही. तिला कधी कुठं खरचटलंही नाही. आता मी ब्रेक दाबायचा तो कुणासाठी, ते मला कळत नाही."

मी मठ्ठा प्यायला.

मग मी ओळखीच्या शौकिनांना फोटो पाठवले. पहिला आला तो कोल्हापुरातलाच, गळ्यात साखळी, डोळ्यावर गॉगल. गाडीभोवती फिरून म्हणाला, "सर, झक्कास हाय. हिला मी पुण्यासनं असला सायलेन्सर बसवतो, अख्ख्या कुरुंदवाडला कळलं पायजे गाडी आलीया म्हणून."

सरांनी शांतपणे विचारलं, "आहे तो आवाज आवडला नाही का?"

"आवाज कुठं हाय हिला?"

"मग राहू दे," सर म्हणाले, आणि चादरीचं झाकण उचललं.

मला आतून राग आला आणि भीतीही वाटली. मुदत जवळ येत होती. मेकॅनिकनं सांगितलं होतं, उभी राहून राहून नळ्या कडक व्हायला लागल्यात, उंदरांनी एक वायर कुरतडलीय, आणखी एक पावसाळा असाच गेला तर मग वजनावरच द्यावी लागेल. भंगारवाला मात्र नियमानं येऊन फाटकाशी उभा राहायचा. मॅडमची गाडी दाबून तिचा चौकोनी ठोकळा होणार, ही कल्पना सरांना जेवू देत नव्हती. ते मला रोज फोन करायचे. सुरुवातीला गाडीबद्दल बोलायचे. नंतर नंतर पिठल्यात मीठ किती घालायचं असतं त्याबद्दल. मीही एकट्याचाच स्वयंपाक करतो, तेव्हा चर्चा बरोबरीची चालायची.

दुसरा शौकीन, निपाणीचा बसू, आला तो सकाळच्या उन्हात. छातीपर्यंत दाढी, पैलवानी खांदे, आवाज मात्र पोरीला बघायला आल्यासारखा दबलेला. गाडी दिसताच त्यानं पायातल्या चपला काढल्या. का काढल्या ते त्यालाही कळलं नसावं.

"अण्णा," तो मला म्हणाला, "असली एक बी मिळंना बघा. सगळी नासवून ठेवल्यात. एकदा वढून बघू काय? सर, चालंल काय तुमाला?"

"मी बरोबर येतो," सर म्हणाले. ते आत गेले आणि इस्त्रीचा सदरा आणि बूट घालून आले. डाव्या सीटवर बसले, विरलेला बेल्ट लावला, वरचं हँडल धरलं. मी मागं मधोमध बसलो, नाटकाच्या पहिल्या रांगेत बसल्यासारखा.

बसूचा हात चांगला होता. पहिले काही मैल त्यानं गाडी तापू दिली, गिअर लोण्यासारखे टाकले. दोन्ही बाजूंना ऊस, समोर सरळ रस्ता, लांब एक ट्रॅक्टर. त्यानं सरांकडं बघितलं. सरांनी मान हलवली. बसूनं पाय दाबला. काटा चढला, आणखी चढला, आणि मग त्या साध्या पांढऱ्या गाडीनं दुसऱ्या आवाजात तोंड उघडलं. माझ्या पाठीला सीट चिकटली. ट्रॅक्टर अंगावर आल्यासारखा जवळ आला.

थप्प! सरांचा बूट त्या भोकावर आदळला.

"अगं हळू! अगं पुढं ट्रॉली आहे, अगं!"

बसूनं पाय काढला. गाडी आपसूक हळू झाली, परत बाजारला जाणारी गाडी झाली. उसाची ट्रॉली शेजारून मागं गेली. तो 'अगं' गाडीतच राहिला होता. सर डावीकडच्या काचेतून उसाकडं बघत होते आणि त्यांचा उजवा पाय अजून दाबलेलाच होता.

बसूनं समोर बघतच, अगदी हळू म्हटलं, "केली हळू."

उसाचं आणखी एक शिवार मागं पडलं. मग सर म्हणाले, "तो आवाज परत एकदा काढता का?"

त्यानं काढला. या वेळी सरांनी ब्रेक दाबला नाही. हँडलही सोडलं. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते डोळे मिटून बसले होते.

परत आल्यावर मी अंगणात खुर्ची टाकून किमतीचा कागद केला. आकडा इथं लिहीत नाही. दिवाळी अंक आयकरवालेही वाचतात. पण तो चांगला होता, तक्त्याला लाज वाटेल इतका. खाली मी माझ्या रीतीप्रमाणं डाव्या बाजूच्या झिजेपोटी थोडी रक्कम वजा केली होती. हँडल, बेल्ट, मॅटिंग.

बसूनं कागद वाचला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "ही वजाबाकी कशाची, अण्णा?"

"डाव्या बाजूची. भोक पडलंय. नवं घालावं लागंल."

"नवं कशाला घालू?" बसू म्हणाला. "मला वरिजिनल पायजे. हे बी वरिजिनलच हाय की! असलं दुसऱ्या कुठल्या गाडीत मिळंल काय मला?"

मी आयुष्यभर झिजेचे पैसे कापत आलो. झीज गाडीच्या जमेलाही धरता येते हे मला त्या दाढीवाल्यानं शिकवलं. मी ती ओळ खोडली. सरांनी कागद हातात घेतला, खाडाखोड बघितली आणि म्हणाले, "मॅडमनी पेपर तपासला असता तर लिहिलं असतं, रीत बरोबर, उत्तर चूक. आणि निम्मे मार्क दिले असते."

"निम्मेच?"

"फार कडक होती."

त्यांनी किल्ली बसूच्या हातात दिली. एक मिनिट त्यांचा हात तसाच पुढं राहिला. "चप्पल घालून चालवू नका," एवढंच म्हणाले.

बसू गेला. गल्लीच्या वळणापर्यंत गाडी शहाण्यासारखी गेली आणि मग लांबून, मोठ्या रस्त्यावरून, तो दुसरा आवाज आला. लहान होत होत गेला. शेडखाली फरशीवर चार चाकांचे चार डाग आणि मधे तेलाचा एक थेंब उरला. सर चादरीचं झाकण घेऊन उभे होते. घड्या घालत होते, परत उलगडत होते.

मी निघायला लागलो तसे म्हणाले, "किंमतराव, मला जरा सोडता का?"

"कुठं सोडू?"

"कुठं नाही. थोडं फिरून येऊ. आत्ता घरात नको वाटतं."

मी माझ्या गाडीचं डावं दार उघडलं. सर वाकले आणि थांबले. त्यांच्या तोंडून चक्क माझ्यासारखाच 'हं' निघाला.

"नवी घेतलीत का?"

"न्हाय. जुनीच हाय की."

"मग सीटवर प्लॅस्टिक कसं अजून?"

"बसलं न्हाय कोण," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार? मागच्या सीटवर माझी पिशवी, चुंबक, टॉर्च. पुढं डावीकडं कुणी नाही. कंपनीनं दिलेलं मॅट तसंच, त्यावरचा कागदसुद्धा तसाच. शेकडो गाड्यांच्या झिजा मी बघितल्या, माझ्या गाडीची डावी बाजू मी कधी बघितलीच नव्हती.

सर बसले. प्लॅस्टिक कुरकुरलं. मी माझ्या पद्धतीनं गाडी हाकली, म्हणजे बैल कंटाळेल अशी. लोकांच्या चेपलेल्या गाड्या बघून बघून मी चेपलेलाच चालवतो. शिरोळच्या रस्त्याला लागलो. सरांनी थोडा वेळ वाट बघितली. मग म्हणाले, "तुमच्या गाडीत ब्रेक मारावा लागत नाही हो."

ही स्तुती नव्हती. चित्रकलेच्या सरांनी कागद कोराच ठेवल्याबद्दल कान पिरगाळावा तसं ते होतं. मला कोल्हापुरी राग आला. समोर रस्ता मोकळा होता. मी पाय दाबला. माझी गाडी काही जपानी नाही, तिला एकच आवाज आहे, आणि तोही दमेकऱ्याचा. पण तिनं जमेल तेवढा काढला. ऊस मागं पळायला लागला, समोरून एक टेम्पो आला.

थप्प!

"अहो, हळू!"

मी हळू केली. एवढ्या वयात मला पहिल्यांदाच कुणीतरी 'हळू' म्हणालं होतं. सर खिडकीबाहेर बघत हसत होते, आणि डोळे पुसत होते, दोन्ही एकदम. मी टेम्पोवाल्याला उगाच एक शिवी हासडली, कारण मलाही काहीतरी करायला हवं होतं.

त्यांना घरी सोडून मी कोल्हापूरला परत आलो. घरापुढं गाडी लावली आणि सवयीनं सगळीकडून बघितली. डावं दार उघडलं. मॅटवरचा कागद फाटला होता आणि खाली कोऱ्या मॅटवर बुटाच्या चवड्याचा मातकट ठसा उठला होता. मी खिशातला रुमाल काढला, वाकलो, आणि तसाच राहिलो. रुमाल परत खिशात ठेवला.

त्या दिवशी माझ्या गाडीची किंमत थोडी उतरली. किती, ते काढायला मी अजून बसलेलो नाही.